आर्क्टिकमध्ये देवमासे पाहायला शिडाचं छोटं जहाज: खरंच शांत, की नुसतं दिसायला? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या पाच जणांची चर्चा)

सुकाणू

स्वालबार्डची, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांची सफर ठरवताना बहुतेक जण आधी केबिनचे फोटो बघतात. त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: जहाजावर प्रवासी किती, आणि त्याला शिडं आहेत का. देवमासे, वालरस, पक्षी हे सगळं पाहायचं असेल तर वीस ते तेहतीस प्रवाशांचं दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज हाच योग्य मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. कारणं देतो.

वीस प्रवासी असतील तर दोन रबरी होड्यांत सगळे एकाच वेळी किनाऱ्यावर उतरतात. मोठ्या जहाजावर गट पाडावे लागतात. एक गट उतरतो तेव्हा दुसरा वाट बघत बसतो, आणि होड्यांच्या फेऱ्या दिवसभर चालू राहतात. छोट्या जहाजाची डेक पाण्यापासून दीड-दोन मीटरवर असते. हम्पबॅक देवमासा श्वास सोडतो तो आवाज कानावर नीट येतो, वास सुद्धा येतो. आणि मुख्य म्हणजे वारा असेल तेव्हा इंजिन बंद करता येतं. फिन देवमाशाची हाक साधारण 20 हर्ट्झवर (सेकंदाला 20 कंपनं) असते, निळ्याची त्याच्याच आसपास. जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) आवाजही बराचसा याच खालच्या पट्ट्यात पडतो. म्हणजे ज्या पट्ट्यात ते एकमेकांना हाका मारतात, तोच आपण भरून टाकतो. शीड उभारलं की तो पट्टा मोकळा होतो.

उत्तरवारा

सुकाणू, आवाजाचं शास्त्र बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. जाहिरातीत सगळी शिडं फुगलेली दिसतात. आठ दिवसांच्या सफरीत ती किती तास खरोखर जहाज ओढतात, हे विचारा. फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खाडीत, वारा एकतर नसतोच, नाहीतर हिमनदीवरून खाली घसरणारा थंड वारा अचानक आणि झटक्याने येतो. त्यात तुकडे झालेल्या बर्फातून वाट काढायची, म्हणजे इंजिन लागणारच. संध्याकाळपर्यंत पुढच्या नांगराच्या जागी पोचायचं असतं, तेव्हा तीन नॉटने (ताशी साधारण साडेपाच किलोमीटर) वाऱ्याची वाट बघत कोणी बसत नाही. उघड्या पश्चिम किनाऱ्यावर शिडं चढतात, पण तिथेही बऱ्याचदा इंजिन चालू ठेवून, जहाज डोलू नये म्हणून.

नांगर टाकल्यावरचंही बघा. मुख्य इंजिन बंद झालं तरी हीटर, स्वयंपाकघर आणि दिव्यांसाठी जनरेटर चालूच असतो. तो लोखंडी तळाला घट्ट बसवलेला असेल तर त्याची थरथर सरळ पाण्यात उतरते. रबरी बैठकीवर बसवला असेल तर बराच फरक पडतो. जुन्या मालवाहू किंवा मासेमारी जहाजांचं रूपांतर करून बनवलेल्या नौकांत ही गोष्ट आवर्जून विचारावी.

मीठपाणी

आणखी एक भर. पंख्याचा आवाज होतो तो मुख्यतः पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटल्यामुळे. वेग कमी केला की तो सहसा झपाट्याने उतरतो. पण पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा असेल तर उलटंही होऊ शकतं. फेरे तेवढेच ठेवून कोन कमी केला, तर जहाज हळू जातं पण पात्याच्या दुसऱ्या बाजूला बुडबुडे होतात आणि आवाज वाढतो. म्हणून ‘आम्ही देवमाशाजवळ हळू जातो’ एवढ्यावर समाधान मानू नका, फेरे कमी करता का ते विचारा.

आइसलँडच्या हुसाविकमधून चालणाऱ्या ‘ओपल’ या शिडाच्या जहाजावर 2015 पासून विजेवर चालणारी मोटर आहे. शिडावर जाताना पाण्याच्या प्रवाहाने पंखा फिरतो आणि बॅटरी भरते. असं जहाज असेल तर सुकाणूंचा मुद्दा पूर्ण लागू पडतो. डिझेलवाल्या जहाजाला तो अर्धाच लागू पडतो.

कोकणवारा

शांतता चांगलीच, असं गृहीत धरून सगळे बोलताहेत. शिडावर पाच-सात नॉटने जाणारं जहाज देवमाशाला उशिरा ऐकू येतं, आणि झोपलेला किंवा खाण्यात गुंतलेला देवमासा बाजूला सरकत नाही. शिडाच्या नौकांची देवमाशांशी टक्कर झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. म्हणूनच काही मार्गदर्शक नियमांत स्पष्ट म्हटलंय की देवमासे जवळ असतील तर शिडाच्या नौकेने इंजिन नुसतं चालू ठेवावं, पंख्याला न जोडता, म्हणजे त्यांना आपण कुठे आहोत ते कळतं. निव्वळ शांतता हे ध्येय धरलं तर प्राण्यालाच धोका.

सुकाणू

कोकणवारा, हे मान्य. दिसल्यावर इंजिन सुरू करून न जोडता ठेवायचं, हे मी लिहायला हवं होतं. पण दुसरी बाजूही धरा. टक्कर जीवघेणी ठरण्याची शक्यता वेगाबरोबर वाढते, म्हणूनच अनेक ठिकाणी दहा नॉटची मर्यादा घातली जाते. आमचं जहाज इंजिनावरही सात-आठ नॉटच्या वर क्वचित जातं. मोठं जहाज रात्रीत पंधरा नॉटने पुढच्या फियोर्डमध्ये जातं, तेही प्रवासी झोपलेले असताना आणि कोणी पाण्याकडे बघत नसताना.

उत्तरवारा, शिडं कमी तास चालतात हे खरं आहे. पण तुम्ही जून-जुलैचं बोलताय. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये वारा वाढतो, त्या सफरींत शिडाचे तास बरेच जास्त निघतात.

ध्रुवपक्षी

मुख्य जहाजावरच सगळी चर्चा चाललीय, रबरी होडीकडे कोणाचं लक्ष नाही. बेलुगा या छोट्या पांढऱ्या देवमाशासाठी खरी अडचण तिचीच आहे. बेलुगाचं ऐकणं साधारण 40 ते 60 किलोहर्ट्झच्या आसपास सर्वात तीक्ष्ण असतं. होडीच्या बाहेरच्या इंजिनाचा किणकिणाट मोठ्या जहाजाच्या घरघरीपेक्षा त्याला जास्त बोचतो. बेलुगांचा कळप हिमनदीच्या तोंडाशी येतो. वितळलेलं गोडं पाणी तळातून वर उसळतं, त्याबरोबर लहान जीव वर येतात, त्यामागे मासे, आणि किटीवेक पक्षीसुद्धा तिथेच घिरट्या घालतात. अशा वेळी होडी मध्ये घातली की कळप खोल जातो आणि अर्ध्या किलोमीटरवर निघतो. मग चालक पुन्हा मागे लागतो, आणि तेच पुन्हा होतं.

बरोबर पद्धत अशी: कळप कोणत्या दिशेने चाललाय ते आधी दोन-तीन वेळा वर येऊ देऊन ठरवायचं. त्याच्या वाटेच्या बाजूला, किनाऱ्याच्या आणि त्याच्या मध्ये न येता, पुढे जाऊन थांबायचं. इंजिन बंद. ते आपल्या वाटेने येतील तर येतील. मोठ्या देवमाशांनाही समोरून किंवा थेट पाठीमागून जायचं नाही, तिरक्या बाजूने समांतर जायचं, शंभर मीटरच्या आत शिरायचं नाही, पाच नॉटच्या खाली. शेपटी आपटणं, अचानक दिशा बदलणं, आधीपेक्षा लांब बुडी, यातलं काहीही दिसलं की मागे फिरायचं. वीस-तीस मिनिटं पुरे.

दुरून ओळख: निळ्या देवमाशाचा फवारा उंच सरळ खांबासारखा, नऊ मीटरपर्यंत. फिनचा थोडा बुटका, आणि त्याच्या उजव्या जबड्याचा रंग पांढरा. हम्पबॅकचा झुडपासारखा पसरट, आणि खोल जाताना शेपटी वर. मिंकीचा फवारा बहुतेक वेळा दिसतच नाही.

मीठपाणी

ध्रुवपक्षी, हिमनदीच्या तोंडाशी पाणी मुळातच फार गोंगाटाचं असतं, तेही लक्षात घ्या. बर्फात अडकलेली जुनी हवा वितळताना बुडबुड्यांनी सुटते, तिचा आवाज साधारण 1 ते 3 किलोहर्ट्झमध्ये असतो. स्वालबार्डच्या कोंग्सफियोर्डमध्ये 2014 साली भारताने ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा बसवली, सुमारे 190 मीटर खोलीवर. गोव्यातल्या वास्को इथली ध्रुवीय संशोधन संस्था आणि चेन्नईची समुद्र तंत्रज्ञान संस्था यांचं ते काम आहे. तिथल्या पाण्यातले आवाजही भारतीय शास्त्रज्ञांनी नोंदवलेत. त्या गोंगाटामुळे होडीचा आवाज माफ होत नाही, पण ‘आधी नीरव शांतता होती, ती आपण मोडली’ असं चित्र चुकीचं आहे.

उत्तरवारा

आता कार्बनचं. छोटं जहाज ‘हिरवं’ असतं, हा समज मला जास्त खटकतो. ढोबळ हिशेब, उदाहरणादाखल: इंजिन ताशी 60 लिटर, दिवसाला 10 तास, 30 प्रवासी. माणशी रोज 20 लिटर डिझेल. एका लिटरला साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर आठ दिवसांत माणशी 430 किलोच्या आसपास. मुंबई ते ओस्लो साडेसहा हजार किलोमीटरच्या वर, पुढे लाँगयिअरब्येन, म्हणजे स्वालबार्डचं मुख्य गाव, आणखी दोन हजार. जाऊन-येऊन सतरा हजार किलोमीटरचं विमान माणशी दीड टनाच्या वर जातं. जहाजाला शिडं आहेत की नाहीत, याने या बेरजेत फारसा फरक पडत नाही. ज्याला खरोखर प्राण्यांची काळजी आहे त्याने हुसाविकला जावं, तीन-चार तासांच्या होडीत हम्पबॅक बघावेत, आणि ध्रुवाजवळची ती जागा सोडून द्यावी.

ध्रुवपक्षी

हुसाविकला हम्पबॅक दिसतील, पण वालरस, ध्रुवीय अस्वल, हिन्लोपेन सामुद्रधुनीतले आल्कफ्येलेटचे कडे तिथे नाहीत. त्या कड्यांवर ब्रुनिक गिलिमॉट या समुद्रपक्ष्याच्या सुमारे साठ हजार जोड्या असतात. पण तारखा सांभाळा: जुलैच्या शेवटी पिल्लं उडायला येण्याआधीच कड्यावरून पाण्यात उड्या मारतात, आणि ऑगस्टच्या मध्यावर कडे रिकामे दिसतात.

कोकणवारा

अस्वलासाठी जाणाऱ्यांनी नवे नियम वाचूनच पैसे भरावेत. 1 जानेवारी 2025 पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून 300 मीटर अंतर ठेवावं लागतं, आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर. अनपेक्षितपणे जवळ आलात तर मागे जायचं. हे अंतर कॅमेऱ्यात कसं दिसतं ते सांगतो. सव्वादोन मीटर लांबीचं अस्वल 500 मीटरवरून, 600 मिमीच्या लेन्सने, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटर भरतं. म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या साडेसात टक्के. 300 मीटरवर साडेबारा टक्के. जे टूरवाले अजून जुने, चौकट भरून टाकणारे फोटो दाखवून जूनच्या सफरी विकतात, त्यांना सरळ प्रश्न विचारा.

याच नियमांनुसार संरक्षित भागांत 200 पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ शकत नाही, आणि उतरता येतं ते 43 ठरलेल्या जागांवरच. म्हणजे छोट्या जहाजाचा ‘आम्ही कुठेही उतरतो’ हा फायदाही आता कमी झालाय. हे नियम योग्यच आहेत असं मी मानतो. 2018 साली फिप्सोया बेटावर गाईडवर हल्ला झाला आणि अस्वल मारावं लागलं, ते माणसं उतरली म्हणूनच.

सुकाणू

अंतराच्या नियमाला माझाही पाठिंबा आहे. पण त्यातूनच छोट्या जहाजाचं महत्त्व वाढतं. 500 मीटरवर शांत उभं राहून दोन तास दुर्बिणीने बघायची तयारी तीस माणसांच्या गटात होते. कार्यक्रम लवचिक असतो, कप्तान नांगर उचलायला घाई करत नाही.

उत्तरवारांच्या विमानाच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. तो बरोबर आहे.

आता जायचंच असेल त्यांच्यासाठी. पश्चिम किनाऱ्यावर जहाज जोरात डोलतं; सिनारिझीनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. स्वालबार्ड शेंगेनच्या (युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राच्या) बाहेर आहे, नॉर्वेमार्गे परत यायचं म्हणजे शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश, म्हणून एकाहून जास्त प्रवेशांचाच व्हिसा मागा. एकाच प्रवेशाचा शिक्का घेऊन गेलात तर परतीला अडकाल. विम्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च हवा; लाँगयिअरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्ण ट्रॉम्सोला नेतात. शाकाहारी असाल तर पैसे भरतानाच कळवा, निघाल्यावर बाजार नाही. आणि न्यू-ओलेसुंद या संशोधकांच्या वस्तीला, जिथे आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र 2008 पासून आहे, वीस किलोमीटरच्या परिघात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. घड्याळ, इयरफोन, कॅमेरा सगळ्यांचं.

मीठपाणी

बर्फाचंही विचारा. शिडाचं जहाज बर्फ फोडू शकत नाही, आणि किनाऱ्याला जोडलेला बर्फ फोडायला आता बंदीच आहे. जूनच्या सुरुवातीला हिन्लोपेन बंद असू शकतं. नॉर्वेचं हवामान खातं कामाच्या दिवशी रोज बर्फाचा नकाशा काढतं. निघण्याआधीचे दोन आठवडे तो बघत राहा, म्हणजे कप्तानाने दिशा बदलली तर का बदलली ते समजेल. मागे हटलेल्या हिमनद्यांच्या पुढचा तळ बऱ्याच ठिकाणी नकाशात मोजलेलाच नसतो, तिथे जहाज मागेच थांबतं आणि होडी पुढे जाते. होडीनेही हिमनदीच्या कड्यापासून दोनशे मीटर तरी लांब राहायचं. 2007 साली हॉर्नब्रीन हिमनदीसमोर बर्फ कोसळून जहाजावरचे प्रवासी जखमी झाले होते.

उत्तरवारा

मीठपाणी, तुमच्या या यादीत एक प्रश्न घाला: जहाजावर पाण्यात सोडायचा मायक्रोफोन आहे का? असेल तर इंजिन आणि जनरेटर दोन्ही वीस मिनिटं बंद करून तो सोडतील का? बॅटरीवर तेवढा वेळ हीटर आणि दिवे चालायला हवेत. जे जहाज एवढं करू शकतं, त्याच्या शांततेच्या दाव्यावर मी विश्वास ठेवीन. बाकीच्यांच्या शिडांबद्दलचं माझं मत तेच आहे.