उमेदवार पाड्यावर आला तर शाळेचं काय विचारू?

सातपूरकर: मी सातपूरला कंपनीत, पण गाव पेठ तालुक्यात, मतही तिकडंच. लोकसभेचा उमेदवार येणार म्हणतात. माइक हिसकावून घेईपर्यंत एकच प्रश्न होईल, म्हणून विचारतोय. आमची झेडपीची शाळा चौथीपर्यंत, गुरुजी दोन. एक बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे, सध्या यादी घेऊन पाडे फिरतायत. दुसरे एकटे: पहिलीला पाटीवर गिरवायला बसवायचं, तेवढ्यात चौथीला भागाकार. त्यात दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापाबरोबर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत. माझा पुतण्या तिसरीत. डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवणं, कसं करतात ते झकास सांगतो, सातचा पाढा बेचाळीसवर अडतो.

निवृत्त गुरुजी: बीएलओ मीही होतो, त्या गुरुजींना बोल लावू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. शिक्षकाला बाकी कामं लावायची नाहीत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक मात्र चालते! बीएलओ तलाठी, अंगणवाडी सेविकाही होऊ शकतात. दोनशिक्षकी शाळा तेवढी सोडा, असं मागा.

मविप्र शिक्षणसंस्थेचा जुना विद्यार्थी: मोठं विचारा की राव. कोठारी आयोगानं १९६६ ला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर म्हटलं. २०२० च्या धोरणातही सहाच टक्के. दिल्लीला जाणाऱ्याला हेच विचारायचं.

सातपूरकर: दादा, सहा टक्के म्हटलं की तो "हो हो, नक्की" म्हणून गाडीत बसणार. मी विचारणार, जानेवारीत आमची पोरं बागेत असतात तेव्हा ती कोणत्या शाळेच्या पटावर?

निवृत्त गुरुजी: हा खरा प्रश्न. त्याच कायद्याचं कलम ५ लिहून न्या. दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. बागेजवळच्या शाळेनं घ्यायलाच हवं.

इंदिरानगरची आई: आमच्याकडं सगळी धावपळ आरटीईच्या, म्हणजे याच कायद्यानं खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांसाठी. २०२४ ला सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळा त्यातून वगळल्या, मग हायकोर्टानं तो नियमच रद्द केला. तोवर आमचा जीव टांगणीला. तुमच्या पाड्यावर खासगी शाळाच नाही म्हणा.

सातपूरकर: वहिनीला फोन करून कलम ५ सांगितलं. म्हणाली, भाऊजी, मुकादमाचा टेम्पो पहाटे चारला येतो. दाखला कुणाला उठवून मागू?