इंजिनिअर आणि कुलगुरू : चँग-लिन तिएन

काही जण म्हणतात की इंजिनिअर माणूस विद्यापीठाचा प्रमुख झाला की त्याला फक्त फंड आणि बिल्डिंगा दिसतात, पोरं दिसत नाहीत. मला नाही पटत, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा कुलगुरू झालेला इंजिनिअर चँग-लिन तिएन बघा ना. जन्म १९३५ चा, चीनमधल्या वुहानचा, तिथून तैवान आणि मग शिकायला अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला. बसमध्ये गोरे पुढे आणि काळे मागे, याने बसायचं कुठे? शेवटी बसच सोडली आणि चालत जायला लागला. तिथे एक प्रोफेसर नावाने हाक न मारता 'चायनामन' (चिनी माणसासाठी हिणवणारा शब्द) म्हणायचा, तर त्याला तोंडावर सांगितलं की असं म्हणू नका, आणि तेव्हा पोट सगळं त्या असिस्टंटशिपवर, म्हणजे शिकता शिकता करायच्या विद्यापीठातल्या पगारी कामावर! पुढे हीट ट्रान्सफरमध्ये, म्हणजे उष्णता एकीकडून दुसरीकडे कशी जाते या विषयात मोठं काम, आणि १९९० ते ९७ बर्कलेचा चान्सलर, म्हणजे कुलगुरू.

राज्याकडून पैसे कापले जात होते ते दिवस, फंड तर त्याने उभा केलाच, पण परीक्षेच्या दिवसांत रात्री लायब्ररीत जाऊन पोरांची विचारपूस करायचा आणि कॅम्पसमध्ये चालता चालता वाकून पडलेला कचरा स्वतः उचलायचा. आणि १९९५ मध्ये रीजंट्सनी (विद्यापीठाच्या नियामक मंडळाने) प्रवेशातलं अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन, म्हणजे मागे राहिलेल्या वंशाच्या पोरांना प्रवेशात झुकतं माप देणं, काढलं तेव्हा खुर्चीवर असतानाच उघड विरोध केला, मला वाटतं ती बस तो कधीच विसरला नाही.