थ्री-डी प्रिंटिंग: कारखान्याला पर्याय, की नुसते नमुने काढण्याचे यंत्र?

साचेवाला:
गेल्या महिन्यात एका ग्राहकाने मला विचारले, की थ्री-डी प्रिंटर आलेले असताना तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणासाठी साच्याला तीन लाख रुपये का मोजायचे? मी भोसरीत बावीस वर्षे इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने भरून वस्तू काढण्याचे, साचे बनवतो, त्यामुळे माझे मत एकतर्फी असणार हे आधीच मान्य करतो. तरीही हे यंत्र नमुना हातात धरून पाहण्यापुरते उत्तम आहे, त्याला उत्पादनाचे साधन म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, असेच मला वाटते. साचा एकदा मशीनवर चढला, की दर तीस सेकंदांना एक झाकण खाली पडते. तेच झाकण प्रिंटरवर अडीच तास घेते, कारण त्या यंत्राची रीतच तशी आहे. संगणकावरच्या आकृतीच्या स्लायसर नावाचा प्रोग्राम आधी आडव्या चकत्या पाडतो, मग १.७५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार सुमारे २०० अंशांना तापलेल्या नोझलमध्ये वितळते, आणि ०.४ मिलिमीटरच्या भोकातून निघणारी ती बारीक धार ०.२ मिलिमीटरचा एकेक थर अंथरत जाते. २० मिलिमीटर उंचीचे झाकण म्हणजे असे शंभर थर झाले. हे थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण पुरते एकजीव झालेले नसतात. जोर दिला की वस्तू थराच्या रेषेवरच तुटते, जसे लाकूड धाग्याच्या दिशेने चिरते.

दाढदुखी:
तुमचा तीस सेकंदांचा हिशेब सगळे नग सारखेच हवे असतील तेव्हाचा आहे. माझ्या दातांच्या लॅबमध्ये आम्ही जबड्यांच्या प्रतिकृती छापतो, आणि टेबलावर दोन सारखे जबडे आजवर आलेले नाहीत. आमचा प्रिंटर तार वितळवत नाही. द्रव रेझिनवर प्रकाश पडला की तेवढाच भाग घट्ट होतो, या तत्त्वावर तो चालतो. चक हल यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला तो याच पद्धतीसाठी. आमच्या यंत्रात खालचा पडदा संपूर्ण थर एकाच वेळी उजळवतो, त्यामुळे छपाईच्या पाटावर एक जबडा मांडला काय आणि सहा मांडले काय, वेळ तेवढाच लागतो. वेळ ठरतो तो उंचीवरून. नंतर अल्कोहोलमध्ये धुऊन पुन्हा प्रकाशाखाली ठेवावे लागते. दात सरळ करण्याच्या पारदर्शक अलाइनरसाठी प्रत्येक टप्प्याचा वेगळा जबडा छापला जातो आणि त्यावर तापवलेली प्लास्टिकची चकती दाबून बसवली जाते. कानात बसणाऱ्या श्रवणयंत्रांची कवचेही आज बहुतांशी छापूनच तयार होतात, कारण प्रत्येक कानाचा आकार वेगळा असतो. याला नमुना म्हणणार का? आणि तुमच्या ग्राहकाला झाकणे किती हवी आहेत, हे तुम्ही सांगितलेच नाही.

साचेवाला:
श्रवणयंत्राचे मान्य करतो. पण अलाइनरच्या बाबतीत तुम्हीच सांगता, की तोंडात जाते ती वस्तू छापलेली नसते, छापला जातो तो जबडा. म्हणजे तुमचा प्रिंटर साचाच बनवतो. आपण दोघे एकाच धंद्यातले निघालो!

धातुवेडा:
चर्चा प्लास्टिकच्या झाकणातच अडकली आहे. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे छापील इंजिन सलग ६६५ सेकंद पेटवून तपासले. पूर्वी जे चौदा भाग जोडून बनत असे ते एकाच भागात आले, १९ वेल्ड वाचले, आणि ५६५ किलो घडीव धातू व पत्र्याऐवजी १३.७ किलो धातूची भुकटी एका इंजिनाला पुरली. त्याच महिन्याच्या तीस तारखेला चेन्नईच्या अग्निकुल या खासगी कंपनीचे रॉकेट एकसंध छापलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून उडाले. धातूच्या छपाईत भुकटीचा पातळ थर पसरला जातो, हवा तेवढा भाग लेझर वितळवतो, आणि पुन्हा त्यावर भुकटी पसरते. इंजिनाच्या भिंतीच्या पोटातून वळणे घेत जाणारी थंडाव्याची नळी या पद्धतीत भिंतीबरोबरच तयार होते. ड्रिल तिथे वळून जाऊ शकत नाही.

लेथवाला:
आकडे खरे आहेत, पण छपाई संपली म्हणजे काम संपले असा समज त्यातून होऊ नये. धातूचा जॉब पाटाला चिकटूनच बाहेर येतो. तो वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेच्या मशीनवर) किंवा करवतीने सोडवावा लागतो, आतला ताण घालवण्यासाठी भट्टीत टाकावा लागतो, आणि जिथे आटे किंवा जुळणारे पृष्ठभाग आहेत तिथे शेवटचा हात आमच्याच मशीनचा फिरतो. शिवाय रॉकेटची इंजिने वर्षाला लागतात किती? हे उदाहरण साचेवाल्यांच्याच बाजूने जाते.

कोकणी प्रिंटर:
मी चिपळूणला घरी छापतो. धुलाई यंत्राची कळ तुटली आणि ती कळ कंपनीने बनवणे बंद केले होते. मोजमाप घेऊन नऊ ग्रॅम प्लास्टिकमध्ये, म्हणजे जेमतेम दहा रुपयांत, कळ छापली. पहिली कळ पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकची होती; ती दाखवायला नेताना मे महिन्यात बंद गाडीत राहिली आणि खारकेसारखी वाकडी झाली, कारण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. दुसरी पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची केली, ती तीन वर्षे टिकून आहे. पावसाळ्यात मात्र तार हवेतली ओल पिते. मग नोझलमधून तडतड आवाज येतो आणि वस्तूवर जळमटे धरतात, म्हणून तार सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी लागते. तार वितळवण्याच्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या रेपरॅप या स्वस्त प्रिंटर बनवण्याच्या प्रकल्पाने यंत्राची आकृती सर्वांना खुली केली, म्हणून हे यंत्र माझ्यासारख्याच्या घरी पोहोचले. मला कारखान्याशी स्पर्धा करायची नाही. कारखान्याने जी वस्तू बनवणे सोडून दिले ती मला हवी आहे.

हिरवी पाटी:
फसलेल्या छपाईचा आणि छापताना अधांतरी भागांच्या आधारासाठी उभारलेल्या आणि नंतर तोडून टाकलेल्या खांबांचा कचरा कोणीच मोजत नाही. पीएलए मक्यापासून बनते आणि विघटनशील आहे, असे सांगून ते विकले जाते. ते विघटन साठ अंशांच्या आसपास तापणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात होते, परसातल्या खड्ड्यात नव्हे आणि नदीत तर नव्हेच. आमच्या सोसायटीत कोणी तरी पीएलएचा गणपती छापून विसर्जन करण्याची कल्पना मांडली, तेव्हा मला हात जोडावे लागले.

साचेवाला:
ग्राहकाला तीनशे नग हवे आहेत. मी ते मुद्दाम लिहिले नव्हते, ही कबुली देतो. साच्याचा खर्चच नगामागे हजार रुपये पडतो. तीस हजार नग असते तर दहा रुपये पडला असता. प्रिंटरवर तीनशे नग म्हणजे ७५० तास, चार यंत्रे रात्रंदिवस चालवली तर आठ दिवस. या वेळी ग्राहकाचा हिशेब बरोबर निघतो. नमुन्यापुरतेच हे माझे विधान तेवढ्यापुरते मागे घेतो.

लेथवाला:
इतक्यात मागे घेऊ नका. थरांच्या मध्ये बारीक फटी राहतात आणि तेलाला तेवढी वाट पुरते. आधी एकच झाकण छापून घ्यावे, आटे नीट बसतात का ते पाहावे, मग टाकीत तेल भरून ती कागदावर रात्रभर उलटी ठेवावी.