जुनं म्हणजे महाग, असं नाही

बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या कार्डांचा संग्रह करणाऱ्यांत ‘पन्नास वर्षं जुनं कार्ड आहे, म्हणजे भाव वाढणारच’ असं गणित मांडलं जातं; ते पटलं नाही. वयापेक्षा शिल्लक किती आणि कुठल्या अवस्थेत, यावर भाव ठरतो. टॉप्स कंपनीचं १९५२ चं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं ते ९.५ ग्रेडमुळे, म्हणजे अवस्थेला दहापैकी मिळालेल्या गुणांमुळे. तेच कार्ड कोपरे झिजलेलं असेल तर किंमत या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. उलट १९८० च्या दशकाच्या अखेरची कार्डं इतकी छापली गेली की बहुतेकांना आजही गिऱ्हाईक नाही.

घेण्याआधी ग्रेड देणाऱ्या कंपनीचा पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे तिने ग्रेड दिलेल्या कार्डांची मोजदाद, बघा: त्या ग्रेडची किती आणि त्याहून वरची किती. मग मोजमाप. १९५२ च्या टॉप्सचा आकार २ ५/८ बाय ३ ३/४ इंच. जुन्या कार्डाची एकच कड भिंगाखाली ताजी पांढरी, धारदार दिसली तर झीज लपवायला ती कापलेली असण्याची दाट शक्यता. अशा कार्डाला आकडी ग्रेड मिळत नाही, फार तर ‘ऑथेंटिक’चा (अस्सल असल्याचा) शिक्का.

खेळाडूने सामन्यात घातलेल्या जर्सीचं मात्र वेगळं. तिथे फोटो-मॅच हवाच: शिवणीची वळणं, डाग, अक्षरांचा तिरकेपणा सामन्याच्या फोटोशी जुळला पाहिजे. अस्सलपणाच्या नुसत्या पत्रावर मोठी रक्कम लावू नका.