चित्रांचं पुस्तक छापताना परसेप्च्युअल कशाला?

गेरूकाव: बाबांच्या ४० तैलचित्रांचं पुस्तक ऑफसेटवर छापायचंय. प्रेसवाले म्हणतात सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत नेताना परसेप्च्युअल लावा, म्हणजे सगळेच रंग आपापसातलं नातं ठेवून थोडे दाबून बसवा, चित्रांना तेच लावतात. मी दोन्ही करून बघितलं आणि मला रिलेटिव्ह कलरीमेट्रिकच पटलं (छापता येणारे रंग तसेच ठेवायचे, न येणारे तेवढे जवळच्या रंगावर आणायचे), ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, म्हणजे मूळचा सर्वात गडद काळा छपाईच्या सर्वात गडद काळ्याशी जुळवणं, चालू ठेवून. बाबांचे रंग म्हणजे गेरू, तपकिरी अंबर, राखाडी, मातकट हिरवे, हे सगळे गॅमटमध्ये, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांच्या मर्यादेत, आरामात बसतात, बाहेर जातात ते फक्त कॅडमियम ऑरेंज हा नारिंगी आणि अल्ट्रामरीन हा निळा. दोन रंगांपायी अख्खं चित्र का दाबायचं?

कोटेडपेपर: अजिबात पटलं नाही. रिलेटिव्हमध्ये बाहेरचे नारिंगी गॅमटच्या काठावर आणून चिकटवले जातात, त्यांच्यातला फरकच मरतो. पळसाचं चित्र असेल तर ब्रशचे फटकारे, रंगाचा थर सगळं सपाट, नुसता एक डाग. डोळा रंग शेजारच्या रंगाशी ताडून बघतो हो, ते नातं परसेप्च्युअल सांभाळतं.

गेरूकाव: पण ते तुमचं चित्र बघतच नाही ना! किती दाबायचं ते प्रोफाइल (त्या प्रेस-कागदावर कुठला रंग कसा छापायचा हे सांगणारी फाइल) बनवणाऱ्याने तिच्या टेबलात आधीच भरून ठेवलेलं असतं, आयसीसीने, म्हणजे प्रोफाइलचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्याची एकच रीत ठरवलेली नाही, म्हणून प्रोफाइल बदललं की तेच चित्र वेगळं येतं. चित्रात एकही रंग बाहेरचा नसला तरी दाबणार म्हणजे दाबणार.

निळाई: निळ्याचं कुणीच बोलेना. रंग आकड्यांत मोजायची १९७६ ची सीआयई लॅब पद्धत या रूपांतरात वापरतात, तिच्यात निळ्याचा ह्यू (रंगाची जात) तोच ठेवून क्रोमा (रंगाचा भडकपणा) कमी केला तरी डोळ्याला तो जांभळट दिसतो, त्यामुळे अल्ट्रामरीनचं आभाळ दोन्हीकडे बिघडू शकतं. मी सॉफ्टप्रूफ लावून, म्हणजे छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवर बघत, तेवढाच भाग मास्क करून (बाकीचं चित्र झाकून) हाताने बसवते, मग रिलेटिव्ह.

कोटेडपेपर: ४० चित्रांना हाताने? एका पानावर आभाळ एक आणि दुसऱ्यावर वेगळंच व्हायचं. आणि ते बरोबर की चूक हे सांगायला चित्रकार नाहीत.

गेरूकाव: बाबा नाहीत पण कॅनव्हास घरी आहेत. पळसाचं आणि आभाळाचं, दोन चित्रांचे परसेप्च्युअल, रिलेटिव्ह आणि निळाईसारखं हाताने बसवून, अशा तिन्ही पद्धतींनी पुस्तकाच्याच कागदावर प्रूफ काढतो, ५००० केल्विनच्या दिव्याखाली मूळ चित्राशेजारी ठेवतो आणि आईला दाखवतो, बाबा रंग कालवायचे तेव्हा ती तिथेच बसलेली असायची. पळस परसेप्च्युअलने चांगला आला तर त्या पानापुरतं घेईन, अख्ख्या पुस्तकाला नाही लावणार.