मुंडगोडच्या तिबेटी कॅम्पची जमीन नक्की कुणाची? आणि तिबेटी भाडेकरू ठेवताना कुठले कागद बघायचे?

हलशीकर_७७
नमस्कार मंडळी. कट्ट्यावर वाद पेटलाय, जाणकारांनी सोडवावा. एका बाजूचं म्हणणं असं: सुपा धरणाच्या विस्थापितांना रामनगरला आणून टाकलं, भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीवाल्यांना १५ लाखांवर बोळवलं, आणि उत्तर कन्नडातल्या मुंडगोडला तिबेट्यांना हजारो एकर जमीन नि घरं मालकीने दिली. ते लोक आता ती जमीन विकतात म्हणे. खरं आहे का?
दुसरं, बेळगावात टिळकवाडीत मामांच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. स्वेटर विकायला येणारं मुंडगोडचं एक कुटुंब नोव्हेंबर ते जानेवारी भाड्याने मागतंय. मामा पोलिसांच्या भानगडीला घाबरतात. काय काय कागद घ्यावेत?

उतारा_वाचा_आधी
विकतात हे साफ खोटं. विकायला आधी उताऱ्यावर नाव लागतं की ओ.

मुंडगोडची वसाहत १९६६ ची. तेव्हा आपलं म्हैसूर राज्य, निजलिंगप्पा मुख्यमंत्री. सुमारे ४ हजार एकर जागा, मुळात वनखात्याची. जंगल साफ करून शेतं केली ती आलेल्या लोकांनीच. नऊ कॅम्प शेतकऱ्यांचे आणि दोन लामा कॅम्प, म्हणजे गंदेन आणि द्रेपुंग हे मठ. जमीन सरकारची, वापर वसाहतीचा. केंद्राचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण आहे, त्यात राज्यांनी २० वर्षांचा भाडेपट्टा करून द्यावा असं म्हटलंय. तो पट्टासुद्धा कुणा एका कुटुंबाच्या नावे नाही, सेंट्रल तिबेटन रिलीफ कमिटी या तिबेट्यांच्या मध्यवर्ती संस्थेच्या नावे. म्हणजे कॅम्पमधल्या माणसाच्या हातात काय, तर वसाहतीच्या कार्यालयाने केलेलं वाटप. आरटीसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याचा, ९ नंबरचा रकाना बघा, तिथे मालकाचं नाव येतं. कुटुंबाचं नाव तिथे नसलं की खरेदीपत्र नाही, बँकेत तारण नाही, भावाभावांत वाटणीची फोड नाही.

आता 'विकतात' ही आवई कुठून उठते? पोरं परदेशी किंवा बेंगळुरूला गेली, घरात म्हातारी माणसं उरली, शेत पडीक राहतं. मग आसपासचा शेतकरी ते वाट्याने किंवा खंडाने करतो. व्यवहार तोंडी. तो वर्षानुवर्षं मका पेरतोय हे बघून लोक समजतात, घेतलं असेल विकत. पण नुकसान त्या शेतकऱ्याचंच. फ्रूट्स आयडीला, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी नोंदणी क्रमांकाला, तो सर्व्हे नंबर जोडता येत नाही, त्यामुळे पीककर्ज नाही, विमा नाही, हमीभावाच्या केंद्रावर माल घालता येत नाही. उद्या वाद झाला तर दाखवायला कागदाचा चिटोरासुद्धा नाही. कुणी 'कॅम्पातली दोन एकर स्टॅम्पवर लिहून देतो' म्हणालं, तर पैसे देऊ नका.

भाडेकरार_११_महिने
मामांचा प्रश्न त्यामानाने सोपा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा आरसी, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणीचा दाखला, वेगळा असतो. एकाचा बघून भागत नाही. त्यावर फोटो, कॅम्पचा पत्ता आणि मुदत असते. आधी मुदत बघा. भारतात जन्मलेल्यांना किंवा २० वर्षांहून जास्त राहिलेल्यांना पाच वर्षांची मुदतवाढ मिळते, बाकीच्यांची कमी. 'रिन्यूला टाकलंय' असं उत्तर आलं तर अर्जाची पावती घ्या. आधार कार्ड त्यांच्याकडे असतं, पण आधार रहिवासाचा, नागरिकत्वाचा नव्हे. नुसत्या आधारवर खोली दिली की पुढे पोलीस विचारतात तेव्हा मालकाची पंचाईत होते. मुंडगोड उत्तर कन्नडात येतं, त्यामुळे निघण्याआधी कारवारच्या एसपी ऑफिसातल्या परदेशी नोंदणी विभागाला कळवलंय का हेही विचारा.

करार तीनच महिन्यांचा असला तरी ई-स्टॅम्पवर करा. राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला, लहान मुलांसकट. आरसीच्या आणि कराराच्या प्रती आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात पहिल्याच दिवशी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. परदेशी माणूस उतरवला की त्याची माहिती २४ तासांत ठरलेल्या फॉर्मवर (पूर्वीचा फॉर्म सी) कळवायचा नियम आहे. आरसी असलेल्यांसाठी तो इथे भरून घेतात का, ते त्याच खेपेत ठाण्यात विचारून टाका.

एक फाटा मात्र आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी माणूस कायद्याने जन्मानेच भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१० चा आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल त्याच बाजूचा. अशाने भारतीय पासपोर्ट दाखवला तर आरसी मागत बसू नका, तो तुमच्या-आमच्यासारखा भाडेकरू.

आणि लोकरीच्या मालाचे गठ्ठे खोलीत राहणार हे करारात लिहा. घरगुती मीटरवर दुकान चालवायचं नाही, हेही. बाहेरच्या भिंतीला गठ्ठे टेकवून ठेवले की मागे ओल धरते, तेवढं आधी सांगून ठेवा.

सिंधनूर_लाईन
वरचं बरोबर, पण कट्ट्यावर सगळे निर्वासित एका माळेत ओवले जातात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे प्रत्येक गटाला मिळालेलं वेगवेगळं. रायचूर जिल्ह्यात सिंधनूरजवळ पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांचे आरएच, म्हणजे पुनर्वसन, कॅम्प आहेत. तिथे पुढच्या पिढीचा झगडा जमिनीपेक्षा नागरिकत्वाचा. सुळ्या-पुत्तूरकडे रबराच्या मळ्यांत श्रीलंकेतून परत आणलेले तमिळ आहेत, पण ते १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने आलेले, म्हणजे निर्वासित नव्हेतच, नागरिक. तमिळनाडूतले श्रीलंकन तमिळ छावण्यांत. तिथे दरमहा रोख मदत आणि रेशन, पण शेती नाही. २०२१ साली तमिळनाडू सरकारने ७,४६९ घरं नव्याने बांधायचं जाहीर केलं, कारण जुन्या खोल्या पार मोडकळीला आल्या होत्या.

हलशीकर_७७
मस्त माहिती. मग रामनगर-तळेवाडीवाले मुंडगोडपेक्षा बरे म्हणायचे का?

उतारा_वाचा_आधी
कागदावर बरे, कारण आपल्या विस्थापिताला मालकी मागता येते. पण मागावी लागते. धरणग्रस्ताला हक्कपत्र मिळालं तरी ई-स्वत्तूत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत, मालमत्ता चढलेली नसेल तर फॉर्म ९ आणि ११ अ निघत नाहीत, आणि ते नाहीत तर सब-रजिस्ट्रारकडे विक्री, बक्षीसपत्र, काहीच होत नाही. वसाहतीची जागा मूळची वनखात्याची असली तर गाडी तिथेच अडते. जमीन वनातून वगळल्याचा आदेश निघाला का, हे कुणी बघितलेलंच नसतं. पीडीओला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात ते नाही. आधी हक्कपत्रावरचा सर्व्हे नंबर घ्या, त्याचा आरटीसी काढा, ९ आणि ११ नंबरचे रकाने बघा. तिथे 'अरण्य' दिसलं तर अर्ज पंचायतीत नको, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात टाका आणि प्रत वनखात्याला द्या. तळेवाडीच्या पैशांचं म्हणाल तर ती पॅकेजची रक्कम, बदल्यात जमीन नव्हे. त्या पैशात खानापुरात प्लॉट घेणाऱ्यांनी तो एनए (बिगरशेती) आहे का, हे इसारा देण्याआधी बघावं.