पोषण आहार सगळ्यांना, मग शाळेने ‘बीपीएल’ का लिहायचं?

पाटीपेन्सिल:
सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला पोषण आहार मिळतो. पाचवीपर्यंत १०० ग्रॅम धान्य, पुढे १५० ग्रॅम. ताट वाढताना रेशनकार्ड कुणी मागत नाही. शिजवलेलं जेवण द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेशही प्रत्येक मुलासाठी होता, फक्त गरिबांच्या मुलांसाठी नव्हता. या योजनेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

तरी यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, प्रत्येक मुलापुढे बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचा) आहे का, अंत्योदय (सर्वात गरीब कुटुंबांची रेशन योजना) आहे का, आर्थिक दुर्बल गटात येतो का, हे शाळेने भरायचं. आणि २०२२-२३ पासून ही माहिती विद्यार्थीनिहाय जाते. माझं म्हणणं स्पष्ट आहे: हे काम शाळेकडून काढून घ्या. माहिती गोळा करायची म्हणजे कुठेतरी भर वर्गात “बीपीएलचं पिवळं रेशनकार्ड कुणाकुणाकडे आहे?” असं विचारलं जाणारच. आठवीतल्या मुलीला त्या प्रश्नाचा अर्थ पुरेपूर कळतो.

शिवाय माहिती तरी खरी असते का? पिवळ्या कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १५,००० रुपये, तीही १९९९ पासूनची. ग्रामीण बीपीएल यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. ज्या घराला तेव्हा कार्ड मिळालं ते गरीब, ज्याचं राहून गेलं ते नाही, असा हा हिशोब.

शाळेचीघंटा:
मी मुख्याध्यापक आहे, आणि मला हे अजिबात पटत नाही. रकाना जुना आहे म्हणून दुरुस्त करा, काढता कशाला? गणवेशाचं बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून गणवेश कुणाला? सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि बीपीएल मुलांना. बाकीची मुलं राहायची. २०२३ मध्ये राज्याने त्यांनाही गणवेश द्यायचं ठरवलं. अशी किती मुलं सुटतात हे नोंदीशिवाय कसं कळणार? नोंद नसेल तर गरीब मूल कागदावर नसतंच, आणि कागदावर नाही त्याला निधी नाही.

पाटीपेन्सिल:
सर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एका बाकावर दोन मुलगे, दोघांचे वडील मजुरीला जाणारे. कार्ड होतं त्याला नवा गणवेश, दुसऱ्याला नाही. ही फूट त्या रकान्यानेच पाडली. आणि ती मिटली कधी? सगळ्यांना द्यायचं ठरलं तेव्हा.

अटलांटिकपार:
अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी पडेल. इथे शाळेच्या जेवणासाठी पालकांनी उत्पन्नाचा फॉर्म भरायचा असतो. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. २०१० च्या कायद्याने वेगळी वाट काढली. सरकारी अन्नमदत वगैरे घेणाऱ्या कुटुंबांतली मुलं ठरावीक प्रमाणात असली, की ती शाळा फॉर्म न मागता सगळ्यांना मोफत जेवू घालू शकते. हे प्रमाण आधी ४० टक्के होतं, २०२३ मध्ये २५ वर आणलं.

मुलांची सोय झाली, पण आकडे कोलमडले. मोफत जेवणारी मुलं म्हणजे गरीब मुलं, असं धरून निधी वाटला जायचा, निकालांची तुलना व्हायची. आता अख्खी शाळाच मोफत जेवते. काही ठिकाणी निधीसाठी वेगळा फॉर्म पाठवतात, पण जेवण मिळतंच आहे म्हटल्यावर पालक तो परत देत नाहीत. म्हणून पाटीपेन्सिल, रकाना काढण्याआधी पर्याय हवाच. इथे अन्नमदत खात्याची यादी शाळेच्या पटाशी परस्पर जुळवतात, त्या मुलांच्या पालकांना काही विचारावं लागत नाही.

पाटीपेन्सिल:
मला हेच हवंय. पुरवठा खात्याकडे शिधापत्रिकांची यादी आहेच. त्यांनी जुळवावी.

फडावरचीशाळा:
कागदावर सोपं आहे. जुळवणार कशावर, आधारवर ना? आधारमध्ये नावाचं एक अक्षर चुकलं की मूल संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकसंख्या ठरवताना, धरलं जात नाही, हे आम्ही भोगतोय. ऊसतोड कुटुंबाचं कार्ड बीडमध्ये, मूल सहा महिने कोल्हापूरकडे. तुमची यादी नेमकी त्यालाच सोडणार. त्याची परिस्थिती माहीत असते ती वर्गशिक्षिकेला. तिच्या हातातून हे काढू नका.

पाटीपेन्सिल:
ताई, हा मुद्दा खरा आहे. जुळणीत सुटलेलं नाव शिक्षिकेला सुचवता आलंच पाहिजे. पण सुटलेली चार नावं सुचवणं वेगळं आणि अख्ख्या वर्गाची परिस्थिती विचारत फिरणं वेगळं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी पालक स्वतः तहसीलदाराचा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढतात. तिथे मुलाला कुणी उभं करत नाही.

शाळेचीघंटा:
वर्गात विचारू नये, इतकं मान्य. यंदा पालकांना एकेकटं बोलावून विचारेन. पण यादी जुळवायला वरून कुणी येईपर्यंत रकाना कोरा ठेवणार नाही. कोरा ठेवला तर उद्या एखादी योजना आली आणि माझी मुलं राहिली, तर त्यांच्या आईबापांना उत्तर मलाच द्यायचंय.